अंधाऱ्या खोलीवाचून : मोठी निगेटिव्ह घरी धुण्याची रीत

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. मागच्या फळीवर काचेच्या निगेटिव्हांचे गठ्ठे होते. मी पोहोचलो तेव्हा निम्म्याहून अधिक काचा सोड्याच्या गरम पाण्यात टाकून, वरचा थर खरवडून, तसबिरींना बसवून झाल्या होत्या. काच म्हणून तिला किंमत होती. तिच्यावरच्या माणसांना नव्हती. उरलेल्यांपैकी चाळीसेक काचा मी शेलूबाजारला घरी आणल्या.

त्यांतली एक नवरानवरीची होती. मोबाइलवर निगेटिव्ह उलटी करून पाहिली तर नवरी काळ्या लुगड्यात उभी होती आणि तिच्या कपाळावरचे कुंकूही काळे होते. मी वहीत लिहून ठेवले, ‘वधू, काळे लुगडे’. पुढे कितीतरी दिवस हे वाक्य मला टोचत राहिले. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसतात हे ठीक. पण आमच्या भागात मांडवात काळे लुगडे कोण नेसवील?

या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. ते स्वतः फिल्म धुताना सापडले. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. त्यासाठी आधी घरी, डार्करूम नसताना, मोठी निगेटिव्ह कशी धुतात हे सांगावे लागेल.

तंबू, खोली, पिशवी

फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षाराचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, अतिसूक्ष्म कण असतात. प्रकाश पडलेल्या कणांत न दिसणारा बदल होतो. डेव्हलपर तेवढेच कण निवडून त्यांची काळी धातुरूप चांदी करतो. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, उरलेला क्षार विरघळवून काढतो. हायपोचे काम पूर्ण झाले की उजेड त्या निगेटिव्हचे काही बिघडवू शकत नाही. म्हणजे अंधाराची गरज कॅमेऱ्यातून फिल्म काढल्यापासून हायपोत जाईपर्यंतच असते. मधल्या वेळातही फिल्म एखाद्या बंद भांड्यात असेल, तर अंधार फक्त त्या भांड्यात असला तरी पुरतो.

छायाचित्रणाचा इतिहास एका अंगाने या अंधाराच्या आकाराचा इतिहास आहे. १८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या काचेची, म्हणजे कलोडियनची, पद्धत जाहीर केली. त्यात काचेवर कलोडियन ओतायचे, ती चांदीच्या द्रावात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन लगेच धुवायची. काच वाळली की काम संपले. दहापंधरा मिनिटांत सगळे उरकायचे असल्यामुळे छायाचित्रकाराला अंधाराचा तंबू सोबत न्यावा लागे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांना या विद्येची गोडी लागली ती याच काळात.

आमच्या बाजूला मेजर रॉबर्ट गिल यांचे नाव घ्यावे लागते. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी त्यांची १८४४ मध्ये नेमणूक झाली. त्यांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मात्र त्यांनी घेतलेली छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्येच पुस्तकरूपाने आली होती, ती उरली. लोणारची देवळेही त्यांनी टिपली. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हात ओली काच किती लवकर वाळत असेल, हे ज्याने इथे मे महिन्यात कपडे वाळत घातले आहेत त्याला सांगायला नको.

१८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि पुढच्या दहापंधरा वर्षांत ती रुळली. आता चित्र आज घेऊन चार दिवसांनी धुता येऊ लागले. तंबू गेला आणि स्टुडिओमागची खोली आली. ज्याच्याकडे वेगळी खोली नव्हती त्याने घरच वापरले. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र आणले, आणि दादरच्या राहत्या जागेत ‘राजा हरिश्चंद्र’ची जुळणी झाली. भोके पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे या कामांत सरस्वतीबाई फाळके यांचे हात होते, आणि त्याच घरात त्या सगळ्या चमूचा स्वयंपाकही करीत होत्या. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लोकांनी जे पाहिले, ते अशा घरात धुतलेले होते.

तिसरी पायरी पिशवीची. कचेरीबाहेर, जत्रेत लाकडी पेटी घेऊन बसणारा ‘मिनिट कॅमेरा’वाला ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. त्याच्या पेटीला कापडी बाही असे. बाहीतून हात घालून तो पेटीतच कागद धुवून काढी. म्हणजे अंधार दोन वीत रुंदीच्या पेटीत मावत होता. आज मिळणारी चेंजिंग बॅग ही त्याच बाहीची बहीण. दोन बाह्यांचा, दुहेरी अस्तराचा आणि दुहेरी चेनचा काळा सदराच तो.

लाल दिव्याची वाट

मोठी निगेटिव्ह म्हणजे किती मोठी? जुन्या स्टुडिओची हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहा इंचांची. तिचे क्षेत्रफळ नेहमीच्या ३५ मिमी रोलच्या एका चित्राच्या सुमारे तेवीसपट भरते. आज सर्रास मिळणारी मोठी शीट फिल्म चार बाय पाच इंचांची, ती पंधरापट. देवळाच्या खांबावरचे झिजलेले अक्षर वाचायचे असेल तर हा फरक कामाला येतो. लाकडी कॅमेरे जुन्या स्टुडिओंत अजून सापडतात. केरळातल्या आलप्पुळा इथे तयार झालेल्या ‘वागेश्वरी’ कॅमेऱ्यांवर देशभरातल्या अनेक स्टुडिओंनी संसार चालवला.

अडचण येते ती फिल्मची. परदेशी शीट फिल्म महाग पडते. म्हणून सुरुवात क्ष-किरणांच्या, म्हणजे एक्स-रेच्या, फिल्मवर करावी. आठ बाय दहाच्या एका फिल्ममधून दोन हाफ प्लेट निघतात. काचेच्या जुन्या स्लाइडमध्ये ती बसवताना मागे त्याच मापाची साधी काच आणि दोहोंच्या मध्ये काळा कागद ठेवला की फिल्म जागच्या जागी राहते.

एक्स-रे फिल्मचा मोठा गुण असा, की तिला लाल रंग दिसत नाही. ती निळ्या किंवा निळ्या-हिरव्या उजेडालाच जागी होते. त्यामुळे लाल दिव्यात ती कापता येते, भरता येते आणि डोळ्यांसमोर धुता येते. देवघरातल्या लाल झिरो बल्बवर मी पहिला प्रयोग केला आणि फसलो. रंग लावलेल्या काचेतून पांढरा उजेड झिरपत होता. लाल एलईडी बरा. पण कोणताही दिवा आधी तपासावा. फिल्मच्या तुकड्यावर रुपयाचे नाणे ठेवून तो दहा मिनिटे त्या दिव्याखाली राहू द्यावा, मग धुवावा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा बाद.

रात्री न्हाणीघर हीच डार्करूम. दाराखाली चादर कोंबायची आणि दहा मिनिटे नुसते बसायचे. डोळे सरावले की चोर सापडतात. पहिल्या रात्री मला तीन सापडले : झरोक्यातून येणारा हमरस्त्यावरच्या ट्रकचा झोत, शेजारच्या खोलीतल्या डास पळवायच्या यंत्राचा ठिपका आणि मनगटावरचे चमकणारे घड्याळ. गावात भारनियमन असेल तेव्हा काम सोपे होते. लाइट गेल्याचा आनंद होणारा आळीत मी एकटाच.

तीन ट्रे लागतात : डेव्हलपर, पाणी, हायपो. एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी थर असतो आणि ओला थर नखानेही निघतो. म्हणून ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवावी, नखे कापावीत आणि एका वेळी एकच फिल्म धुवावी. ट्रे एका कडेने हळूहळू उचलत-ठेवत राहावे. दोनेक मिनिटांत आकाश काळे होऊ लागते, मग भिंती, मग सावलीतले तपशील. कुठे थांबायचे ते डोळ्यांनी ठरवता येते. इतके शिकवणारी दुसरी पद्धत नाही.

डेव्हलपर घरी बनवायचा तर सर्वांत साधा डी-२३. एका लिटरमध्ये मेटॉल साडेसात ग्रॅम आणि निर्जल सोडियम सल्फाइट शंभर ग्रॅम, बस. पाऊण लिटर कोमट पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेले सल्फाइट, आणि शेवटी पाणी घालून लिटर पुरा करायचा. क्रम चुकला तर मेटॉल विरघळता विरघळत नाही. एक्स-रे फिल्म स्वभावाने कडक, काळे-पांढरे वेगळे पाडणारी, म्हणून हे द्रावण तितक्याच पाण्याने पातळ करून वापरावे.

मेटॉल न मिळाल्यास कॉफी. ही थट्टा नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॉफीने फिल्म धुऊन दाखवली. आज प्रचलित असलेले प्रमाण लिटरला चाळीस ग्रॅम इन्स्टंट कॉफी, चोपन्न ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा आणि सोळा ग्रॅम क जीवनसत्त्व असे आहे. २० अंशांना पंधरा मिनिटे. कॉफीत चिकोरी मिसळलेली नसावी. धुण्याच्या सोड्याऐवजी खायचा सोडा चालत नाही. पण तोच कढईत चांगला भाजला तर त्यातले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून धुण्याचा सोडा उरतो, वजन मात्र एकतृतीयांशाहून अधिक घटते. वास वाईट येतो, निगेटिव्ह किंचित तपकिरी होते, पण चित्र पक्के असते.

भांडी, मोजपात्रे, कढई सगळे वेगळे ठेवावे आणि त्यावर ठळक लिहावे. मेटॉलने काहींच्या त्वचेला पुरळ येते, तेव्हा हातमोजे हवेतच. घरात लहान मुले असतील तर रसायने कुलुपात.

पाइपची वाट

नेहमीची पँक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग पाहते, म्हणून तिला लाल दिवाही चालत नाही. तिच्यासाठी बाजारात बंद टाक्या मिळतात, पण पाइपच्या दुकानातही सोय होते. दीड इंची पीव्हीसी पाइपचा सहा इंची तुकडा घ्यायचा. एका टोकाला टोपी चिकटवून टाकायची, दुसऱ्या टोकाला खोल बसणारी टोपी ठेवायची आणि बाहेरून काळा रंग द्यायचा. चार बाय पाचची फिल्म चार इंचांच्या बाजूने गुंडाळली तर आत नीट बसते आणि कडा एकमेकींवर चढत नाहीत. थर आतल्या बाजूला हवा. अंधारात तो ओळखायची खूण फिल्मवरच असते : फिल्म उभी धरून खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की थर आपल्याकडे. एक्स-रे फिल्म मात्र पाइपमध्ये घालू नये, कारण तिचा मागचा थर भिंतीला घासतो.

फिल्म चेंजिंग बॅगेत पाइपमध्ये भरून टोपी लावावी. मग न्हाणीघरात दिवा बंद करायचा, टोपी काढून मोजलेला डेव्हलपर एकदम ओतायचा, टोपी लावायची आणि दिवा लावायचा. एका फिल्मला पातळ न केलेला डी-७६ सत्तर मिली पुरतो. पाइप पाण्याच्या घमेल्यात आडवा ठेवून सतत गोल फिरवत राहावे. सतत फिरवल्यास तक्त्यातली वेळ सुमारे पंधरा टक्के कमी धरावी. वेळ संपली की पुन्हा दिवा बंद, डेव्हलपर बाहेर, पाणी आत-बाहेर, हायपो आत, टोपी बंद. म्हणजे खरा काळोख लागला तो दोनदा, अर्धा-अर्धा मिनिट. पाइपच्या भिंतीला टेकलेल्या बाजूचा रंगीत लेप राहून गेला तर घाबरू नये. फिल्म बाहेर काढून पुन्हा दोन मिनिटे हायपोत आणि मग पाण्यात हलवली की तो निघतो.

हायपो किती वेळ? फिल्मच्या टाकाऊ तुकड्यावर पाहावे. दुधाळपणा जाऊन ती पारदर्शक व्हायला जितका वेळ लागतो, त्याच्या दुप्पट.

ऊन आणि पाणी

परदेशी पुस्तके सांगतात, सगळी द्रावणे २० अंश सेल्सिअसला ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याने हात भाजतो. उष्णता वाढली की डेव्हलपर झपाट्याने काम करतो. २० अंशांना दहा मिनिटे लागत असतील तर २४ ला साधारण सात पुरतात. त्याहून मोठा धोका जिलेटिनचा. तिशीच्या आसपास ते फुगून मऊ होते आणि कडेने सुटू लागते. एका द्रावणातून दुसऱ्यात जाताना तापमान एकदम बदलले तर त्यावर सुरकुत्या पडतात. माझ्या पहिल्या उन्हाळ्यातल्या सहा निगेटिव्ह अशाच गेल्या, वाळलेल्या गाळाच्या भेगांसारख्या.

उपाय घरातच होता. मातीचा माठ पाणी झिरपवून थंड होतो आणि कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. पावसाळ्याच्या दमट दिवसांत माठ हरतो, पण तेव्हा टाकीचे पाणीही तापलेले नसते. मी सगळ्या बाटल्या माठाच्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात तासभर आधी उभ्या करतो. अगदी कडक दिवसांत बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्यात सोडतो. २४ अंश जमले तर २४, पण डेव्हलपरपासून शेवटच्या धुण्यापर्यंत सगळीकडे तेच. हायपोचे खडे पाण्यात टाकले की पाणी गार पडते, हे जुन्या स्टुडिओवाल्यांना ठाऊक होते. म्हणून हायपो आदल्या रात्री बनवून ठेवावा. याहून उष्ण दिवसांसाठी जुन्या काळी डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालून जिलेटिनचे फुगणे रोखत असत.

दुसरा प्रश्न पाण्याच्या प्रमाणाचा. नळाखाली अर्धा तास निगेटिव्ह धुवा, असे जिथे लिहिले आहे ते पुस्तक टँकरची वाट न पाहणाऱ्याने लिहिले आहे. इलफर्ड कंपनीने सुचवलेली काटकसरीची रीत इथे वरदान ठरते : भांडे भरून पाच वेळा उलटसुलट करा, पाणी बदला, दहा वेळा, बदला, वीस वेळा, बदला. पाइपमध्ये एका निगेटिव्हला यासाठी अर्धा लिटरही लागत नाही.

तिसरा प्रश्न बोअरच्या जड पाण्याचा. वाळताना त्याचे पांढरे डाग निगेटिव्हवर कायमचे राहतात. डेव्हलपरसाठी आरओच्या जारचे पाणी घ्यावे आणि शेवटच्या बुडीसाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते, भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकून. सोयाबीनच्या मळणीच्या आणि कापसाच्या दिवसांत हवेत भुसा आणि तंतू तरंगतात. तेव्हा न्हाणीघरात आधी पाणी शिंपडून धूळ बसवावी आणि निगेटिव्ह कोपऱ्याला चिमटा लावून तिथेच वाळवावी.

वापरलेल्या हायपोत चांदी असते. तो विहिरीजवळ किंवा उघड्या नालीत ओतू नये. बादलीत साध्या लोखंडी तारेचा चोथा टाकून काही दिवस ठेवला की लोखंड विरघळते आणि चांदी गाळ होऊन तळाशी बसते. याच चांदीपायी जुन्या एक्स-रे फिल्म आणि निगेटिव्ह भंगारात विकत घेतल्या जातात, हेही इथेच सांगितले पाहिजे.

काळे ते लाल

आता नवरीकडे येऊ. एक्स-रे फिल्मवर मी वेशीजवळच्या मारुतीचे चित्र घेतले होते. शेंदराने लालभडक झालेला तो मारुती छापात डांबर फासल्यासारखा काळा उतरला. मागचे निळेभोर आकाश मात्र कोऱ्या कागदासारखे पांढरे. आधी वाटले, धुण्यात चूक झाली. मग लक्षात आले, की जी फिल्म लाल दिव्याला भीत नाही, तिला शेंदूर दिसणार कसा? लाल तिच्या दृष्टीने अंधारच.

स्टुडिओत लाल दिव्याखाली धुतल्या जाणाऱ्या काचाही अशाच होत्या. म्हणून त्या काळच्या चित्रांत कुंकू काळे, आकाश कोरे, निळे लुगडे फिकट आणि सावळी कांती असते त्याहून अधिक काळी दिसते. चेहरा उजळावा म्हणून स्टुडिओतला माणूस काचेच्या थरावर पेन्सिलीने रिटचिंग करीत बसे. तिरप्या उजेडात त्या बारीक रेघा अजून दिसतात. माझ्या नवरीचे लुगडे काळे नव्हते, लाल होते किंवा लालाच्या घरातले एखादे. वहीतले वाक्य मी खोडले.

एका वाक्याची ही गोष्ट आहे, पण चूक एकाच वाक्यापुरती राहत नाही. जुन्या छायाचित्रांवरून वेशभूषा, वर्ण, देवळांचे रंग यांविषयी आपण लिहितो, आणि ते रंग काचेच्या दृष्टीचे होते की माणसाच्या, हे विचारत नाही. हा प्रश्न विचारायची सवय मला स्वतःच्या हातांनी लागली. कारण मूळ काच समोर असेल तर तिचा स्वभाव तपासता येतो. ती खरवडून तसबिरीला बसवली, की विचारायलाही कोणी उरत नाही.

म्हणून वाचकांना विनंती. घरात, ओळखीच्या स्टुडिओत अशा काचा असतील तर त्या धुऊ नका, पुसू नका. ओल्या फडक्याने जिलेटिन निघून येते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, प्रत्येक काच वेगळ्या कागदी पाकिटात घाला आणि लांब कडेवर उभी ठेवा. एकीवर एक रचू नका, त्यांना चिकटपट्टी लावू नका. पांढऱ्या पडद्यासमोर धरून मोबाइलने एक प्रत घ्या आणि कोणाचा फोटो, कुठला, हे सांगणारे घरात आहेत तोवर पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवा.

माझ्याकडच्या चाळीसपैकी अकरा काचांवरच्या माणसांची नावे लागली आहेत. नवरीचे अजून नाही.